रानात मेलेले माकड दिसले तर: माकडतापाची पूर्वसूचना कशी ओळखावी

दोडामार्ग, सावंतवाडी किंवा गोव्यातल्या सत्तरी भागात जो कोणी नव्याने बाग करायला, नोकरीला किंवा कायमचा राहायला येतो, त्याला साप-विंचवांविषयी सगळे जण सावध करतात. पण काजूच्या हंगामात रानात मेलेले माकड दिसले तर काय करायचे, हे बहुधा कोणी सांगत नाही. हा लेख अशा नवख्या माणसासाठी आहे: नव्याने रुजू झालेली आशा कार्यकर्ती, पहिल्यांदाच निवडून आलेला ग्रामपंचायत सदस्य, हंगामी वनमजूर, रानाला लागून जमीन घेतलेला बागायतदार. मेलेले माकड म्हणजे त्या जागी माणसाला माकडताप होऊ शकतो याची आपल्याला मिळणारी सर्वांत लवकरची खूण असते आणि ती खूण फार थोडा वेळ वाचता येते, एवढे लक्षात घेऊन पुढची सगळी माहिती वाचावी.

ही खूण प्रथम वाचली ती कर्नाटकातल्या गावकऱ्यांनी. १९५७ च्या मार्च महिन्यात, तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलाच्या आसपास माकडे मरत असल्याचे कळले आणि त्याच परिसरातल्या गावांत तीव्र तापाचे रुग्ण असल्याचेही लक्षात आले. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमधले, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतले, टेल्फर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो हे शास्त्रज्ञ तपासाला गेले, तेव्हा पहिली शंका पिवळ्या तापाची होती, कारण दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांत त्या तापाची चाहूल माकडांच्या मरण्यातूनच लागते. प्रत्यक्षात सापडला तो वेगळाच विषाणू, रशियातल्या गोचिडींमधून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूचा नातलग. त्याला जंगलाचे नाव मिळाले, पण कन्नड लोक या रोगाला ‘मंगन कायिले’, म्हणजे माकडाचा आजार, असेच म्हणतात आणि आपणही माकडतापच म्हणतो. माकडांचे मरणे आणि माणसांचा ताप यांचा संबंध लोकांच्या ध्यानात आला होता, हे त्या नावातच नोंदलेले आहे.

त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे हा रोग मुख्यतः कर्नाटकातल्या पश्चिम घाटालगतच्या मोजक्या जिल्ह्यांपुरता मर्यादित राहिला. २०१२ च्या अखेरीस चामराजनगर जिल्ह्यातल्या बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात माकडे मेली आणि ती उचलण्याचे व जाळण्याचे काम करणाऱ्यांपैकी काही जण आजारी पडले. त्याच सुमारास तमिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात मेलेल्या माकडाच्या तपासणीत विषाणू आढळला. २०१३ मध्ये केरळातले वायनाड, २०१४ मध्ये मलप्पुरम, २०१५ मध्ये गोव्यातले सत्तरी तालुक्यातले पाळी गाव, २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातले दोडामार्ग तालुक्यातले केर आणि २०१७ मध्ये बांदा परिसर, अशी ही वाट उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे दोन्ही बाजूंना पसरत गेली. ज्या भागात डॉक्टरांनी हा रोग कधी पाहिलेला नाही, तिथे पहिले काही रुग्ण डेंग्यूचे किंवा लेप्टोचे समजले जाणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणूनच रोग नव्या भागात आला की नाही हे सांगणारी माकडाची खूण तिथे अधिक मोलाची ठरते.

आधी साखळी समजून घ्यावी

माकडताप विषाणूमुळे होतो, पण तो माणसापर्यंत आणते ती गोचीड, म्हणजे रक्तावर जगणारा परोपजीवी जीव. त्यामुळे या रोगावर लक्ष ठेवायचे म्हणजे मुळात गोचिडीवर लक्ष ठेवायचे. आपल्याकडे यात मुख्य वाटा हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा या जातीचा आहे. तिच्या आयुष्यात अंड्यानंतर तीन अवस्था येतात: सहा पायांची अळी, आठ पायांचे पिल्लू आणि प्रौढ. प्रौढ गोचिडी पावसाळ्यात बाहेर पडतात आणि गुरांसारख्या मोठ्या जनावरांवर पोसतात. पाऊस ओसरल्यावर अळ्या निघतात आणि उंदीर, चिचुंद्री, खार, माकड यांचे रक्त पितात. या अळ्यांचीच पुढे पिल्ले होतात आणि ती साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत रानात असतात. माणसाला चावते ते बहुतांशी हे पिल्लू. एका अवस्थेत घेतलेला विषाणू पुढच्या अवस्थेतही गोचिडीत टिकून राहतो, म्हणून अळी असताना आजारी माकडाचे रक्त प्यालेली गोचीड पिल्लू झाल्यावर माणसाला रोग देऊ शकते.

या साखळीत माकडाचे स्थान नीट समजून घेतले पाहिजे. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे, डोक्यावर केसांचा टोपीसारखा भोवरा असलेले माकड, या दोघांनाही हा रोग होतो आणि त्यात ती मोठ्या प्रमाणावर मरतात. आजारी माकडाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो, त्यामुळे त्याच्या अंगावरच्या अनेक गोचिडी विषाणू घेतात. माकड मेले आणि अंग थंड पडू लागले की या गोचिडी ते सोडून खाली उतरतात आणि माकड पडले त्या जागेभोवतीचा पाचोळा धोक्याचा होतो. म्हणजे मेलेले माकड नुसती बातमी देत नाही, तर धोक्याची नेमकी जागाही दाखवते. गुरांची गोष्ट वेगळी आहे. गुरांमुळे विषाणू वाढत नाही, पण प्रौढ गोचिडी त्यांच्यावर पोसल्या जातात आणि रानातून परतणाऱ्या गुरांबरोबर गोठ्यापर्यंत येतात.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो, कारण नवीन माणसे घाबरून भलतेच करू पाहतात. माकडे मारणे किंवा हाकलणे हा यावरचा उपाय नाही. माकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात हा भाग झालाच. पण जी माकडे आपल्या आधी आजारी पडून आपल्याला सावध करतात, तीच नाहीशी झाली तर गोचिडी रानातच राहतील आणि सावध करणारे मात्र कोणी उरणार नाही.

पहिली पायरी: हंगामापूर्वीची तयारी

खरे काम नोव्हेंबरच्या आत सुरू झाले पाहिजे. एक वही घ्यावी आणि गावातल्या ज्या जागी माकडांचे कळप नेहमी असतात त्या जागा, त्यांच्या स्थानिक नावांसह, लिहून काढाव्यात: अमुक देवराई, तमुक सडा, कोणाच्या काजूच्या बागेची वरची कड, व्हाळाजवळची झाडी. कळपात साधारण किती माकडे दिसतात हेही लिहावे. ही नोंद क्षुल्लक वाटते, पण पुढे ‘माकडे कमी झाल्यासारखी वाटतात’ या मोघम बोलण्याला तिच्यामुळेच अर्थ येतो. रानात मेलेली सगळी माकडे सापडत नाहीत. पुष्कळदा कळपच दिसेनासा होतो आणि तीच पहिली खूण असते. ज्याच्याकडे आधीची नोंद आहे, त्यालाच ती कळते.

त्याच वहीच्या पहिल्या पानावर दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावेत: आपल्या नियतक्षेत्राचा वनरक्षक, वनपाल, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, पशुवैद्यकीय दवाखाना, आरोग्य सेवक. महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी आहे, तीही लिहावी. गुराखी, काजूच्या बागेत कामाला येणाऱ्या बायका आणि लाकूडफाट्याला जाणारे लोक यांना एकदा भेटून सांगून ठेवावे की मेलेले माकड दिसले तर हात न लावता आधी आपल्याला कळवा. रान रोज पाहणारी माणसे हीच असतात आणि बातमी पहिल्यांदा त्यांच्याकडेच येते.

दुसरी पायरी: माकड दिसल्यावर

जवळ जाऊ नये. काठीने ढोसू नये, पायाने उलटवू नये, कुत्र्याला जवळ जाऊ देऊ नये. मोबाइलवरून दुरूनच दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत, त्यातले एक असे असावे की ज्यात आसपासची झाडे आणि वाट दिसेल. मोबाइलमध्ये ठिकाण नोंदवण्याची सोय चालू असेल तर उत्तमच. नसेल तर जागेचे स्थानिक नाव आणि जवळच्या घरापासूनचे अंतर लिहावे. तिथे बसून, टेकून किंवा पाचोळ्यात उभे राहून चर्चा करू नये. परत फिरून मोकळ्या, स्वच्छ वाटेवर आल्यावरच फोन करावा.

दुरून पाहताना काही गोष्टी टिपता येतात. माकड ताजे आहे की सडलेले? वरून विजेच्या तारा गेल्या आहेत का, अंग भाजल्याच्या खुणा आहेत का, जवळून रस्ता जातो का, कुत्र्यांनी फाडल्याच्या जखमा आहेत का? माकडे विजेच्या धक्क्याने, गाड्यांखाली, कुत्र्यांमुळे आणि एकमेकांशी मारामारी करूनही मरतात, त्यामुळे प्रत्येक मेलेले माकड म्हणजे माकडताप असे नाही. बाहेरून काहीही कारण न दिसणे, एकाच परिसरात थोड्या दिवसांत दोन-तीन माकडे मरणे, किंवा मरण्यापूर्वी एखादे माकड सुस्त होऊन जमिनीवर बसलेले कोणी पाहिलेले असणे, या गोष्टींनी संशय वाढतो. तरीही निर्णय आपण घेऊ नये. तारेखाली पडलेले माकडसुद्धा कळवावे. आजारी, अशक्त माकडाचाच तोल जाऊन तारेला स्पर्श होणे अशक्य नाही.

तिसरी पायरी: कळवणे आणि पहिले चोवीस तास

वन विभाग आणि आरोग्य केंद्र या दोघांनाही त्याच दिवशी, शक्य तर तासाभरात कळवावे. एकाला सांगितले म्हणजे दुसऱ्याला आपोआप कळेल असे गृहीत धरणे हीच नवख्यांची सर्वांत मोठी चूक असते आणि तिच्यात दोन दिवस सहज जातात. कोकणातल्या उष्ण, दमट हवेत मृतदेह लवकर सडतो आणि सडलेल्या अवयवांतून विषाणू शोधणे कठीण होते. त्यामुळे नमुना घ्यायचा तर तो पहिल्या दिवसातच घेतलेला बरा. कळवताना चार गोष्टी सांगाव्यात: कुठे, केव्हा दिसले, ताजे की जुने, आणि त्या परिसरात सध्या कोणाला ताप आहे का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असेल तर पुढची चक्रे वेगाने फिरतात.

शवविच्छेदन हे प्रशिक्षित पशुवैद्यकाचेच काम आहे. संरक्षक पोशाख, दुहेरी हातमोजे, मास्क, गमबूट अशा तयारीने पथक येते. मेंदू, यकृत, प्लीहा, फुप्फुस, मूत्रपिंड अशा अवयवांचे नमुने घेते. बर्फात ठेवून ते प्रयोगशाळेत पाठवते आणि मृतदेह तिथेच जाळून टाकते. आपले काम जागा दाखवण्याचे आणि लोकांना लांब ठेवण्याचे. वाडीतली उत्साही मुले ‘आम्ही उचलतो, आम्ही पुरतो’ म्हणून पुढे येतात, त्यांना ठामपणे थांबवावे. त्यांना बंदीपूरची गोष्ट सांगावी: माकडांची विल्हेवाट लावणारी माणसेच तिथे आजारी पडली होती.

पथकातले लोक गोचिडी कशा शोधतात, हे नवख्याने एकदा तरी पाहावे. साधारण हातभर रुंदीचे पांढरे, जाडसर कापड एका काठीला बांधतात आणि पाचोळ्यावरून, खुरट्या झुडपांवरून ते हळूहळू ओढत नेतात. काही पावले गेल्यावर कापड उलटवून पाहिले की त्यावर तपकिरी ठिपके दिसतात. ते मातीचे कण वाटतात, पण क्षणभर नजर स्थिर ठेवली की एखादा ठिपका पाय हलवत कापडाच्या धाग्यांवरून चालू लागतो. हेच ते पिल्लू, जेमतेम तिळाएवढे. चिमट्याने ते उचलून कुपीत टाकतात आणि जागेची चिठ्ठी लावतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की अंगभर कपडे कशासाठी हे वेगळे सांगावे लागत नाही.

चौथी पायरी: जागा बंद करणे

प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबू नये. माकड पडले त्या जागेभोवती साधारण ५० फुटांच्या त्रिज्येत मॅलॅथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकण्याची पद्धत आहे. ते काम आरोग्य विभागाच्या माणसांकडूनच करून घ्यावे. आपण झाडांना ठळक रंगाची कापडे बांधून, वाटेवर फलक लावून ती जागा दाखवावी आणि गुरे तिकडे जाणार नाहीत अशी व्यवस्था करावी. पाचोळा पेटवून गोचिडी मारण्याचा सल्ला गावात हमखास दिला जातो. तो मानू नये. उन्हाळ्यात वणवा लागण्याचा धोका त्यात आहे आणि पाचोळा गोळा करताना गोचिडी अंगावर येण्याचाही.

कोकणात या काळात एक अडचण असते आणि ती डोळ्यांआड करून चालणार नाही. गोचिडीच्या पिल्लांचा हंगाम, काजू गोळा करण्याचा हंगाम आणि भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी, पातेरा (वाळलेला पाला) आणि कवळ (झाडांचे टहाळे) आणण्याचे दिवस एकमेकांवर येतात. ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला ज्याचे वर्षाचे उत्पन्न झाडाखाली पडलेले आहे त्याला देणे न्याय्य नाही आणि तो पाळलाही जाणार नाही. त्याऐवजी बंद केलेली जागा नेमकी कोणती हे सांगावे आणि बाकीच्या ठिकाणी कसे जावे ते शिकवावे. फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायजमा मोज्यांत खोवावा, गमबूट असल्यास वापरावेत. आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल उघड्या अंगाला लावावे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले ‘डेपा’ हे त्यांपैकी एक. पाचोळ्यावर बसून डबा खाऊ नये, झाडाखाली आडवे होऊ नये. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाकावेत, साबणाने अंघोळ करावी आणि काखा, जांघा, कमरेचा पट्टा, कानांमागची जागा, गुडघ्यांच्या मागची बाजू नीट तपासावी. लहान मुलांचे अंग मोठ्यांनी पाहावे.

गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने, कातडीला अगदी लागून धरून, सरळ वर ओढावी आणि जागा साबणाने धुवावी. रॉकेल, चुना, पेटती काडी यांतले काहीही लावू नये आणि ती नखाने चिरडू नये. गुरांच्या अंगावरच्या गोचिडींसाठी पशुवैद्यकाला विचारून औषध वापरावे आणि गोठ्यात अंथरायला रानातला पाचोळा आणू नये.

पाचवी पायरी: तापावर लक्ष

माकड मेल्याची बातमी आली की त्याच दिवसापासून आसपासच्या वाड्यांत घरोघर तापाची चौकशी सुरू व्हावी. गोचीड चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत थंडी वाजून एकाएकी मोठा ताप येतो. डोके फार दुखते, कंबर आणि पोटऱ्या ठणकतात, उलट्या होतात, गळून जायला होते. काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. काही रुग्णांत ताप उतरून एक-दोन आठवडे बरे वाटते आणि मग पुन्हा ताप चढून मान आखडणे, कंप, भ्रम अशी मेंदूची लक्षणे दिसतात. म्हणून ताप उतरल्यावरही त्या घरी पुन्हा चौकशी करत राहावे. या रोगात दर शंभर रुग्णांमागे ३ ते ५ जण दगावतात. विषाणूला थेट मारणारे औषध नाही. पण वेळेवर दाखल होऊन शरीरातले पाणी, रक्तदाब आणि रक्तस्राव सांभाळला गेला तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

रुग्णाबरोबर दवाखान्यात जाल तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता त्यांना सांगा: रानात कधी गेला होता, गोचीड चावली होती का, माकड कुठे मेले. या तीन वाक्यांमुळे तपासणीची दिशा बदलते. आजाराच्या पहिल्या दिवसांत रक्तात विषाणूचा अंश आरटी-पीसीआर चाचणीने सापडतो, पुढे प्रतिपिंडांची चाचणी उपयोगी पडते. त्यामुळे ताप कोणत्या दिवशी सुरू झाला ते नक्की लक्षात ठेवावे. रक्तस्रावाची शक्यता असल्याने अंगदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, हे शेजाऱ्यांना सांगितले पाहिजे. रुग्णाच्या घराला वाळीत टाकल्यासारखे वागवले गेले तर पुढचा रुग्ण ताप लपवतो.

सहावी पायरी: अहवाल वाचणे

माकडात विषाणू सापडला तर काय करायचे ते ठरलेले असते. कठीण असतो तो ‘विषाणू आढळला नाही’ असा अहवाल, कारण त्यावर गाव सुटकेचा निःश्वास सोडते. नमुना सडका होता का, बर्फ वाटेत वितळला होता का, एकाच माकडाचा नमुना गेला होता का, हे विचारावे. एका माकडाचा अहवाल त्या एका माकडापुरता असतो. त्याच परिसरात पुन्हा माकड मेले, किंवा गोचिडींच्या नमुन्यांत विषाणू आढळला, तर काम पहिल्या पायरीपासून परत सुरू करावे. उलट बाजूनेही सावध राहावे: माकड न मरताही माणसाला हा ताप होऊ शकतो, कारण उंदीर-खारींच्या पातळीवर विषाणू फिरत असतो. माकड दिसले नाही म्हणून तापाची चौकशी थांबवू नये.

पावसाच्या पहिल्या जोरदार सरींनंतर पिल्लांची संख्या घटते आणि रुग्णही कमी होतात. तेव्हा वही बंद करून माळ्यावर टाकू नये. त्या वर्षी जिथे जिथे माकडे मेली त्या जागा गावच्या नकाशावर लाल शाईने दाखवाव्यात, प्रत्येकीपुढे तारीख आणि अहवाल लिहावा आणि त्या नकाशाची एक प्रत वनरक्षकाकडे, दुसरी आरोग्य केंद्रात द्यावी. ऑक्टोबरअखेर पांढरे कापड घेऊन पथक येईल, तेव्हा ते पहिल्यांदा याच जागांवर फिरवायला सांगावे.